आग्रहाची पोळी

देवळाली प्रवराहून भागीरथीमावशीचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचा नमुना हातात धरून उभी होते. मावशी आधी हवापाण्याचं बोलली, मग तोडणीचं, मग माझ्या आईच्या गुडघ्याचं. एवढं वळण घेतेय म्हणजे पुढे काहीतरी अडचणीचं आहे हे मी ओळखलं. शेवटी तिनं सांगून टाकलं. आदिनाथचं लग्न ठरलंय, मुलगी मिरजगावकडची आहे, भावकीतलं पहिलं केळवण मावशीच्या घरी आहे आणि ते टाळता येत नाही. तेव्हा त्या रविवारी मी त्यांच्याकडे येऊ नये.

"लंकाबाई येणार?" मी विचारलं.

"वरमाईबिगर केळवण व्हतंय व्हय?"

"मग मी येते," मी म्हणाले. "पोळ्या मी लाटते."

मावशीला वाटलं, पोरगी मोठ्या मनाची आहे. आईलाही तसंच वाटलं. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही, कारण मोठं मन वगैरे माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. होतं ते सगळं लंकाबाईनं खरवडून नेलं होतं.

हा आदिनाथ माझा नवरा होणार होता. लंकाबाई ही त्याची आई, म्हणजे माझी होणारी सासू. देवळालीच्या महिला पतसंस्थेची चेअरमन. अंगानं भरलेली, आणि आवाजानं त्याहून भरलेली. तिची आणि मावशीच्या सासरची भावकी एकच, आणि हे स्थळ मावशीनंच सुचवलेलं. आमचा साखरपुडा कोपरगावला थाटात झाला. फोटो आले तेव्हा लंकाबाईनं ते सगळ्यांसमोर मोबाईलवर मोठे करून पाहिले आणि म्हणाली की पाटावर एक नवरी बसलीय का दोन, तेच कळंना. बाया हसल्या. मीही हसले, कारण होणाऱ्या सुनेनं हसायचं असतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण त्या बाईला समोर बसवूनच कुणीतरी केली असणार.

मग तिनं उपायही शोधला. तिच्या बहिणीचा मुलगा सम्राट नगरला डॉक्टर होता. सरकारी पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात नगरच. तो वजन कमी करण्यासाठी पोटात फुगा बसवायचा. कापाकापी नाही, टाके नाहीत. तोंडातून नळी घालून रिकामा मऊ फुगा जठरात सोडायचा आणि आत निळं पाणी भरून तो फुगवायचा. जठरात जागाच उरत नाही, मग माणूस दोन घासांत आटोपतं. लग्नापर्यंत मी निम्मी होईन, म्हणाला. मला आदिनाथ आवडला होता. त्याच्या आईचा शब्द मोडून संसाराची सुरुवात करायची नाही, एवढीच माझी अक्कल तेव्हा होती. मी हो म्हटलं. नगरला आदिनाथच गाडीतून घेऊन गेला. घरी आम्ही लग्नाचे कपडे बघायला जातो असं सांगितलं होतं.

सम्राटनं नियम सांगितले. आधी पातळ, मग मऊ, आणि कायम थोडं थोडं. पोटाला तड लागेल असं जेवण कधीच नाही. पित्ताची गोळी चुकवायची नाही. आणि लघवी निळी झाली तर फुगा फुटला समजून त्याच दिवशी यायचं. लंकाबाईनं त्यात आपला एक नियम घातला. कुणाला सांगायचं नाही, आईबापालासुद्धा नाही. नवरीच्या पोटात काहीतरी घातलंय असं कळलं तर लोक शंभर अर्थ काढतील, म्हणाली, आणि माझ्याकडून आदिनाथच्या गळ्याची शपथ घेतली. लोकांबद्दल ती बोलली ते खरं होतं. अर्थ काढणाऱ्यांत ती सर्वांत पुढे असेल, एवढंच सांगायचं राहिलं.

पहिले काही दिवस मला उलट्या झाल्या. पाणी ठरत नव्हतं. लॅबमध्ये एकदा भोवळ येऊन मी स्टुलावरून खाली आले. बायकांनी मला वारा घातला आणि एकमेकींकडे पाहिलं. लग्न ठरलेली पोरगी, सकाळच्या उलट्या, भोवळ. त्यांनी जो हिशेब मांडला तो कुणीही मांडला असता. मला मात्र तोंड उघडता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग माझी केळवणं सुरू झाली. आमच्याकडे लग्नाआधी प्रत्येक नातलग नवरीला घरी बोलावून जेवू घालतो, आणि जेवू घालणं म्हणजे वाढणं नव्हे, आग्रह करणं. नको म्हटलं की वाढायचं असतं, हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून तूप सोडायचं असतं. दोन-तीन घरी मी पोळी कुस्करत बसून वेळ निभावली. माझ्या थोरल्या चुलत्यानं मात्र व्याह्यांनाही बोलावलं होतं. लंकाबाई, आदिनाथ, त्याचे वडील आप्पासाहेब, आणि त्यांच्या भावकीतली भागूबाई. भागूबाईच्या तोंडातून गेलेली गोष्ट राहुरीच्या बाजारात तिच्या आधी पोचते असं मावशीच सांगायची.

माझ्या पानातली पहिली पोळी अर्धी तशीच होती. भागूबाईनं मान पुढे काढली.

"नवरी जेवंना," ती म्हणाली. "उलट्या बी व्हत्यात म्हनं. पोटात काय हाय का?"

पंगत हसली. माझ्या आईचा हात तुपाच्या भांड्यावर तसाच राहिला. लंकाबाई माझ्या शेजारी बसली होती. माझ्या पोटात काय आहे हे त्या पंगतीत तिला, मला आणि आदिनाथला ठाऊक होतं. एक वाक्य तिनं बोललं असतं तर संपलं असतं. तिनं टोपलीतून पोळी उचलली, तूप सोडलं आणि माझ्या ताटात टाकली.

"खा," ती हळू आवाजात म्हणाली. "मानसं बघत्यात."

मी तितक्याच हळू सांगितलं की आत्या, जात नाही, खरंच जागा नाही. समोरच्या रांगेत आदिनाथ बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आमटीच्या वाटीत पाहिलं.

"एका पोळीत काय हुतंय?" लंकाबाई म्हणाली.

मी खाल्ली. तिनं आणखी एक टाकली, तीही खाल्ली. शेवटचे घास मी पाण्यानं खाली ढकलले. बाया खूश झाल्या, भागूबाई गप्प झाली, आणि लंकाबाईनं माझ्या पाठीवर शाबासकी दिल्यासारखा हात फिरवला.

दिवस कलता कलता माझ्या पोटातून विळी ओढल्यासारखी कळ गेली आणि थांबलीच नाही. मग डावा खांदा दुखायला लागला. पोट दुखताना खांदा का दुखावा हे मला कळेना. पोट हाताला फळीसारखं लागत होतं. मी सम्राटला फोन केला. त्यानं लघवी निळी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, मग फुगा शाबूत आहे, गॅस झालाय, गोळी घ्या. आणि दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका, उगीच बोभाटा होईल. त्याच्या शब्दावर मी कळ सोसत पडून राहिले. सकाळी मला उठवेना, तेव्हा काकासाहेबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला गाडीत घातलं आणि नगरला डॉक्टर सत्यशीलाबाईंच्या हॉस्पिटलात नेलं. त्या पोटाच्या ऑपरेशनच्या डॉक्टर. निरोप मिळाल्यावर लंकाबाईही तिथं येऊन उभी होती.

डॉक्टरांनी विचारलं, आधी काही आजार, काही ऑपरेशन, काही उपचार? मी दातखीळ बसल्यासारखी पडले होते. आईला काही माहीत नव्हतं. लंकाबाई पुढे झाली आणि म्हणाली, "काय न्हाई, केळवनाचं जेवान बाधलंय."

आदिनाथच्या गळ्याची शपथ मी तेव्हा मोडली. डॉक्टरांच्या कोटाची कड धरून म्हणाले, "फुगा. पोटात फुगा आहे." आईनं माझ्याकडे कसं पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही.

पुढचं मला नंतर कळलं. एक्स-रे फोटोत पोटाच्या वरच्या पडद्याखाली हवा दिसली, म्हणजे जठराला भोक पडलेलं. फुग्याच्या दाबानं आत आधीच जखम झाली होती, वरून मी अन्न कोंबलं आणि ती फाटली. निळं पाणी फुगा फुटल्यावर दिसतं. इथं फुगा धडधाकट होता, मी फाटले होते. डॉक्टरांनी तोंडाकडून फुगा रिकामा करून काढला, पोट उघडलं, आत पसरलेलं अन्न धुतलं, भोक शिवलं आणि त्यावर पोटातल्याच चरबीचं ठिगळ लावलं. नाकात नळी, पोटात नळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही. थोडा आणखी उशीर झाला असता तर मी नसते, असं त्यांनी आईला सांगितलं आणि फुगा बसवणाऱ्याचं नाव विचारलं. सम्राटनं त्यांना फोनवर सांगितलं की अशी कुणी पेशंट माझ्याकडे आलेलीच नाही.

लंकाबाई त्या दिवसानंतर फिरकली नाही. आदिनाथनं एकदा फोन केला, बराच वेळ श्वास घेतला आणि ठेवला.

मग ती गोष्ट सुटली. लग्नाच्या तोंडावर पोरीचं पोटाचं ऑपरेशन, आणि त्याआधी उलट्या. भागूबाईनं उघड विचारलं तेव्हा लंकाबाईनं मान खाली घालून एक सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "आता काय सांगायचं बाई. झाकली मूठ." एवढंच बोलली. खोटं एक अक्षर नाही. पण त्यानंतर देवळालीपासून कोपरगावपर्यंत सगळ्यांना कळलं की पंकजानं, म्हणजे मी, पोट पाडलं, पाडताना बिघडलं, आणि बिचाऱ्या लंकाबाईनं सोयरीक मोडली तरी पोरीची अब्रू झाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारीला वर पुण्य.

माझ्या आईनं एकदा हिय्या केला. डॉक्टरांनी दिलेला तो चेपलेला फुगा पिशवीत घालून तिनं शेजारणीला दाखवला. शेजारणीनं तो बोटांनी चाचपला आणि म्हणाली की हल्ली असली साधनं मिळतात खरी. दवाखान्याचे कागद इंग्रजीत, ते कोण वाचतंय? काकासाहेब म्हणाले, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. त्यांनी लग्नकार्याला जाणं बंद केलं. मला त्या घरात सून म्हणून जायचं नव्हतं, आदिनाथ नको होता, कुणीच नको होता. मला माझं नाव परत हवं होतं, आणि ते ज्या तोंडानं घेतलं त्याच तोंडानं परत यायला हवं होतं. मी दुसरं काही मागत नव्हते. ते मागायलाही जागा नव्हती, कारण लंकाबाई मला पाहिलं की रस्ता बदलायची.

पुढच्या वर्षी मावशीच्या नातवाचं बारसं झालं. तिथं लंकाबाईला रस्ता बदलता आला नाही. गालफडं उतरलेली, ब्लाऊज सैल. बाया तिचं कौतुक करत होत्या आणि ती सांगत होती की रोज पहाटे चालते, कोमट पाण्यात लिंबू पिळून घेते, तोंडावर ताबा ठेवते. मी दूर उभी राहून पाहत होते. तिनं बर्फीचा नखाएवढा तुकडा तोडला आणि कितीतरी वेळ चघळला. पाणी चिमणीसारखं प्याली. मग तोंडाला पदर लावून ढेकर दिली, आणि तिचा हात आपोआप डाव्या बरगडीखाली गेला. तिथं दाबून तिनं अंग किंचित पुढे वाकवलं.

तो हात माझा होता. तसंच वाकून मी लॅबमध्ये बसायचे. लिंबूपाण्यानं तिथं हात जात नाही.

सम्राटनं लंकाबाईलाही फुगा बसवला होता तर. आणि ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण स्वतःच्या पोटातल्या फुग्याची गोष्ट निघाली की माझ्या पोटातल्या फुग्याची निघणारच. मला इतका आनंद झाला की मी बारशाच्या घुगऱ्या दोनदा घेतल्या. तिथं बोलून उपयोग नव्हता. मी आरोप केला असता, तिनं सुस्कारा सोडला असता, आणि लोकांनी पुन्हा सुस्काऱ्यावर विश्वास ठेवला असता. मी वाट पाहिली. आदिनाथचं लग्न ठरल्याचा मावशीचा फोन आला तो असा.

रविवारी सकाळी मी देवळालीला पोचले. डाळ मावशीनं शिजवली, पुरण मी वाटलं आणि पोळ्याही मी लाटल्या. जाड नाही, पातळ नाही, पुरण काठापर्यंत भरलेलं. आमटी, भात, कुरडया, भजी, गुळवणी. मावशीच्या हॉलमध्ये पाट मांडले, रांगोळी काढली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, आणि मधे आदिनाथ आणि त्याच्या शेजारी वरमाई. लंकाबाईनं मला पोळ्यांची टोपली घेऊन येताना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. उठता येत नव्हतं. भावकीचं केळवण सोडून वरमाई पाटावरून उठली तर मावशीच्या घराण्याशी उभा दावा झाला असता.

मी पहिली पोळी वाढली, तूप सोडलं. तिनं कोपरा तोडला आणि चघळत बसली. मी पंगतीतून फिरून आले. तिची पोळी निम्मी होती. मी तिच्यासमोर थांबले आणि आवाज जरा मोठा केला. वरमाईला अजून काहीच वाढलं नाही म्हणाले, आणि दुसरी पोळी टाकली. ती नको नको म्हणाली. आमच्याकडे नको म्हणजे वाढा.

भागूबाई समोरच होती. तिची मान पुढे आली. मी काही शिकवलं नव्हतं, देवाशपथ, तिची ती जन्माची सवय.

"वरमाई जेवंना," भागूबाई म्हणाली. "उपास हाय, का पोरीचं वाढलेलं चालंना?"

पंगत हसली, पण या वेळी जरा जपून. लंकाबाईनं माझ्याकडे पाहिलं, भागूबाईकडे पाहिलं आणि पोळी खाल्ली. सगळी खाल्ली. मला वाटलं होतं ही दुसऱ्या पोळीलाच बोलेल. मी तिसरी टाकली. तीही तिनं पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलली. कपाळावर घाम आला, हात बरगडीखाली गेला. मरायची तयारी होती बाईची, पण बोलायची नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आत काय होत असेल हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भीती वाटली तरी मी टोपली खाली ठेवली नाही. जे आहे ते सांगते.

मी आदिनाथकडे वळले. म्हटलं, आईला तू तरी आग्रह कर. त्याला सगळं ठाऊक होतं. तिचंही आणि माझंही. त्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि आमटीच्या वाटीत पाहिलं. तीच मान, तसंच झुकणं. फक्त या वेळी ताट त्याच्या आईचं होतं. त्या क्षणी मला त्याची आई त्याच्यापेक्षा बरी वाटली.

मी चौथी पोळी हातात घेऊन लंकाबाईसमोर गुडघे टेकून बसले. तुपाची धार सोडायला वाटी तिरपी केली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्या, तुमच्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, मी थांबते. नाहीतर एका पोळीत काय होतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. मला त्या रागाचं वाईट वाटलं नाही.

"मारती का मला?" ती पुटपुटली.

"तुम्ही वाढलंत तेवढंच वाढतेय."

मी पोळी तिच्या ताटावर धरली. पंगतीतले हात थांबले होते. मावशी दारातून पुढे येऊ लागली. लंकाबाईनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि तिचा तो पतसंस्थेच्या सभेतला आवाज फाटून बाहेर आला.

"फुगा हाय माझ्या पोटात. जात न्हाई मला. फुगा हाय."

"कसला फुगा गं?" भागूबाईनं विचारलं.

"वजनाचा. सम्राटनं बसवलेला."

पोळी मी खाली ठेवली नाही. "आणि माझ्या पोटात काय होतं, आत्या?"

तिच्या ओठांचा रंग गेला होता. ती माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत म्हणाली, "तेच. तेच हुतं. दुसरं काय न्हवतं. मीच नेलं हुतं तिला. जेवाय बी मीच लावलं."

मावशीनं दाराची चौकट धरली. आप्पासाहेबांनी ताटात हात धुतला. भागूबाई माझ्याकडे बघत होती आणि तिला बोलायला शब्द सापडत नव्हता, हे दृश्य मी पुढची कित्येक वर्षं काढून काढून बघणार आहे. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. यात काही मोठेपणा नाही, पण मला इतकं बरं ऑपरेशननंतर पहिलं पाणी प्यायले तेव्हाही वाटलं नव्हतं.

लंकाबाई पाटावरच पुढे कलंडली. उलटी यावी म्हणून तिचं अंग पिळवटत होतं आणि येत नव्हती. आदिनाथला अखेर वाचा फुटली. त्यानं सम्राटला फोन लावला. गडबडीत स्पीकर चालू राहिला आणि सगळ्या पंगतीनं ऐकलं. सम्राट म्हणाला, गॅस झालाय, गोळी द्या, आणि दुसरीकडे कुठं नेऊ नका.

लंकाबाईनं डोळे उघडले. "त्याच्याकडं न्हाई," ती म्हणाली. "पंकजाला जिथं नेलं तिथं न्या."

मग मीच सांगितलं काय करायचं ते. पाणी पाजू नका, आडवी झोपवू नका, बसती धरा, आणि हॉस्पिटलच्या दारातच सांगा की पोटात फुगा आहे आणि वर भरपेट जेवण झालंय. डॉक्टर सत्यशीलाबाईंना मी तिथूनच फोन लावला. सगळ्यांच्या मध्ये उभी राहून, मोठ्या आवाजात. जे वाक्य माझ्यासाठी कुणी बोललं नाही ते मी तिच्यासाठी बोलले, आणि तेही सूड म्हणूनच बोलले.

जठर फाटलेलं नव्हतं, पण अगदी फाटायला आलं होतं. फुगा काढायची मुदत कधीच उलटून गेली होती. सम्राट म्हणे लग्न उरकू द्या म्हणत होता. फुगा घसरून जठराच्या खालच्या तोंडाशी बसला होता आणि वरचं अन्न खाली सरकायला वाटच नव्हती. नाकातून नळी घालून डॉक्टरांनी आधी पोट रिकामं केलं, सलाईननं तिला सावरलं, मग भूल देऊन फुगा बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन आला. किती पोळ्या खाल्ल्या होत्या, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

"मी वाढल्या तेवढ्या," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "पुन्हा असं करू नकोस."

"पुन्हा वेळ येणार नाही," मी म्हणाले. त्या रागावल्या आहेत हे मला कळलं, आणि त्यांचा राग रास्त होता हेही कळलं. एवढ्या एका बाईपुढे मी मान खाली घातली.

बाकी काम भागूबाईनं केलं. ज्या तोंडानं मला बुडवलं त्याच तोंडानं तिनं मला आठवड्याच्या बाजारात वर काढलं. तिनं फुग्याची गोष्ट इतक्या घरी सांगितली की ती मिरजगावला पोचली. तिकडच्या लोकांनी विचारलं, आमच्याही पोरीच्या पोटात काही घालणार आहात का? सोयरीक मोडली. सम्राटचे आधीचे दोघे-तिघे पेशंट फुगे काढून घ्यायला सत्यशीलाबाईंकडे गेले, आणि डॉक्टरांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली. काकासाहेब एका लग्नाला गेले आणि पहिल्या पंगतीला बसले.

परवा भागीरथीमावशीचा पुन्हा फोन आला. आधी हवापाणी, मग ऊस, मग आईचा गुडघा. मी नमुन्याची बाटली खाली ठेवली आणि वाट पाहिली. शेवटी ती बोलली. आप्पासाहेब घरी येऊन गेलेत. म्हणाले, पोरगी सोन्यासारखी हाय, तिची काही चूक नव्हती, झालं गेलं गंगेला मिळालं. आदिनाथ तयार हाय. लंकाबाई काही बोलत नाही, पण नाही बी म्हणत नाही. तुझं काय म्हणणं हाय, पोरी?

"मावशी," मी म्हणाले, "त्यांना जेवायलाच बोलव. पोळ्या मी वाढते."